वरवर एकच पिवळे: गवती पिवळ्या फुलपाखरांच्या अभ्यासाला प्रस्तावना

महाराष्ट्रात भाद्रपद-आश्विनात टाकळा शोधायला लांब जावे लागत नाही. रस्त्याची कड, शेताचा बांध, शाळेचे कुंपण, बंद गिरणीचे आवार, जिथे मोकळी जमीन सापडेल तिथे तो माजलेला असतो. आणि टाकळा आहे तिथे गुडघाभर उंचीवरून भिरभिरणारी पिवळी फुलपाखरे बहुधा असतातच. ती इतकी सर्रास दिसतात की त्यांच्यासाठी वाट सोडून कोणी आत शिरत नाही. फुलपाखरांचा नाद असलेली मंडळीही पहिल्या हंगामात त्यांची हौसेने नोंद करतात आणि दुसऱ्या हंगामापासून वहीत नुसते ‘गवती पिवळे’ असे लिहून पुढे सरकतात.

या पुस्तकाचा विषय हीच, सगळ्यांनी ओलांडून टाकलेली फुलपाखरे आहेत. शास्त्रीय वर्गीकरणात त्यांची प्रजाती युरेमा. या पुस्तकात ‘जाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थाने आणि ‘प्रजाती’ हा जीनस या अर्थाने वापरला आहे, एवढे वाचकाने सुरुवातीलाच लक्षात ठेवावे. बोलताना आपण हे दोन्ही शब्द सैलपणे वापरतो, पण पुढच्या साऱ्या चर्चेत या दोन पायऱ्यांमधला फरक महत्त्वाचा आहे.

फुलपाखरांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी ठिपकेदार, शेपटीवाल्या, निळ्या-हिरव्या फुलपाखरांऐवजी या साध्या पिवळ्यांकडे का बोलावतो आहे, हे सांगणे भाग आहे. या गटात दोन अडचणी एकदमच समोर येतात. वेगवेगळ्या जाती एकमेकींसारख्या दिसतात आणि एकाच जातीची फुलपाखरे ऋतूप्रमाणे इतकी बदलतात की ती दोन जातींची वाटावीत. म्हणजे जिथे भेद दिसतो तिथे तो खरा असेलच असे नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे तो नसेलच असेही नाही. अशा गटात ‘जात कशावरून ठरवायची?’ हा जीवशास्त्रातला जुना प्रश्न पुस्तकी राहत नाही. तो दर पावसाळ्यात आपल्या अंगणात येतो. माझे सांगणे एवढेच आहे की गवती पिवळ्यांची जात पंखावर अर्धीच लिहिलेली असते. उरलेली अर्धी तिच्या आयुष्यात, म्हणजे अंड्यात, अळीत, झाडात आणि ऋतूत शोधावी लागते.

आधी घराणे पाहू. फुलपाखरांच्या पीयरिडी या कुलात जगभरात सुमारे १,१०० जाती आहेत. कोबीवर अंडी घालणारी पांढरी फुलपाखरे याच कुलातली. या कुलाची चार उपकुले मानतात आणि त्यांतले कोलिॲडिनी हे उपकुल पिवळ्यांचे. गवती पिवळ्यांचे सख्खे म्हणावेत असे भाऊबंद आपल्या भोवती आहेत. बहाव्यावर वाढणारी आणि कधी कधी शेकड्यांनी एकाच दिशेने निघणारी कॅटोप्सिलिया पोमोना ही त्यांतली एक. ही फुलपाखरे कधी लिंबाच्या रंगाची तर कधी पांढरट असतात, आणि त्यांच्यातल्या या रूपभेदांमुळे पोमोना आणि क्रोकेल अशा दोन जाती दीर्घकाळ मानल्या गेल्या. हिमालयाच्या उंच कुरणांवर कोलियास ही प्रजाती नांदते. तिच्यातली एक जात, कोलियास निलगिरिएन्सिस, हिमालयापासून दोन हजार किलोमीटरांवर निलगिरीच्या उंच गवताळ माथ्यांवर राहते. एवढ्या अंतरावरच्या या एकाकी वस्तीचे कोडे पाहिले की कळते, पिवळ्यांच्या वर्गीकरणात भूगोलही सोबतीला घ्यावा लागतो.

या सगळ्या उपकुलाला जोडणारा धागा त्यांच्या ताटात आहे. कोलिॲडिनीतल्या बहुतेकांच्या अळ्या शेंगा धरणाऱ्या वनस्पतींची पाने खातात: टाकळा, बहावा, शिरीष, शेवरी. पीयरिडी कुलाचा वंशवृक्ष जनुकांवरून मांडला तेव्हा या कुलाच्या पूर्वजांचे मूळ खाद्यही शेंगावर्गीयच असावे, असे चित्र पुढे आले. कोबीवरच्या पांढऱ्यांचे घराणे पुढे मोहरीच्या तिखट रसायनांना पचवायला शिकले आणि वेगळे झाले. पिवळे मात्र बहुतांशी जुन्याच ताटावर राहिले.

आता रंगाकडे वळू, कारण या गटाकडे बहुतेकांना पहिल्यांदा तोच ओढून आणतो. फुलपाखराच्या पंखावरची भुकटी म्हणजे कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले. पीयरिडी कुलात या खवल्यांच्या आत रंगद्रव्याचे बारीक मणी भरलेले असतात. हे रंगद्रव्य म्हणजे टेरिन वर्गातली नत्रयुक्त संयुगे. त्यांचा शोध ज्याच्यापासून सुरू झाला तो फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स पुढे जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ सालचा नोबेल पुरस्कार घेणारा शास्त्रज्ञ ठरला. तरुणपणी त्याने पिवळ्या फुलपाखरांच्या पंखांतले द्रव्य पाण्यात काढून तपासले, १८८९ मध्ये त्याची पहिली टिपणी आली आणि १८९५ मध्ये सविस्तर निबंध. ही द्रव्ये युरिक आम्लाच्या जवळची आहेत, म्हणजे शरीराचा टाकाऊ नत्र इथे अलंकार म्हणून वापरला गेला आहे, असा त्याचा तर्क होता. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत वीलांड आणि शॉप्फ यांनी पिवळे झँथोप्टेरिन शुद्ध रूपात वेगळे केले, आणि त्याची नेमकी रचना १९४० मध्ये पुरमान याने उलगडली. तेव्हा ही संयुगे युरिक आम्लाची नव्हेत, तर एका वेगळ्याच दुहेरी कड्याच्या कुळातली आहेत हे ठरले.

फुलपाखराच्या पंखांतले हे कडे लवकरच माणसाच्या रक्ताशी जोडले गेले, आणि ती गोष्ट मुंबईतून जाते. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स या डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधल्या गंभीर पंडुरोगाचा अभ्यास त्यांनी सुरू केला. यीस्टच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो अज्ञात घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला आणि त्याची रचना उलगडली तेव्हा त्याच्या गाभ्याशी पिवळ्या पंखांतले तेच टेरिनचे कडे निघाले. आज गरोदर बायकांना दिल्या जाणाऱ्या गोळीचा आणि टाकळ्यावरच्या फुलपाखराचा रसायनशास्त्रातला हा संबंध दूरचा असला, तरी खरा आहे.

माणसाला दिसणारा पिवळा हा या पंखांच्या रंगाचा एक भागच आहे. फुलपाखराला अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला नाही. गवती पिवळ्यांतल्या हेकाबे या जातीच्या नराच्या पंखांची वरची बाजू एका विशिष्ट कोनातून पाहिली तर अतिनील प्रकाशात झळाळते. हा झळाळ रंगद्रव्याचा नसतो. खवल्यांच्या कण्यांवर रचलेल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवरून परतणाऱ्या किरणांच्या मेळामुळे तो निर्माण होतो. टेरिनचे मणी मात्र अतिनील प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे नर पंख हलवतो तेव्हा झळाळ आणि अंधार यांतला फरक अधिक ठसठशीत होतो. ऑस्ट्रेलियात या जातीवर झालेल्या प्रयोगांत अधिक झळाळणाऱ्या नरांना माद्या अधिक पसंत करतात असे आढळले. म्हणजे आपल्याला जिथे एकसुरी पिवळे दिसते, तिथे त्यांच्या नजरेत बरेच काही घडत असते. आपल्याला जाती एकसारख्या दिसल्या म्हणून त्या फुलपाखरांनाही एकसारख्या दिसत असतील, असे मानण्याचे कारण नाही.

नावांचा इतिहास हा या गटातल्या गोंधळाचाही इतिहास आहे. लिनियसने १७५८ मध्ये वरच्याच हेकाबेला पॅपिलिओ हेकाबे असे नाव दिले. ट्रॉयची राणी हेकाबे हिचे हे नाव. त्या काळी सगळी फुलपाखरे पॅपिलिओ या एकाच प्रजातीत असत. १८१९ मध्ये हूब्नरने युरेमा ही प्रजाती मांडली, दोन वर्षांनी स्वेन्सनने टेरियास मांडली, आणि आपल्याकडची पिवळी कोणत्या नावाखाली घ्यायची याबद्दल पुढचे शतकभर एकवाक्यता नव्हती. बिंगहॅमच्या १९०७ च्या ग्रंथात ती टेरियासमध्ये आहेत, टॅल्बटच्या १९३९ च्या ग्रंथात युरेमामध्ये. जुनी पुस्तके चाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, म्हणजे एकाच फुलपाखराची दोन नावे पाहून तो बिचकणार नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपात बसून संग्रहालयाच्या पेट्यांमधले नमुने पाहणाऱ्या अभ्यासकांनी या गटाला नावांनी भरून टाकले. काळी कड रुंद असेल तर एक जात, अरुंद असेल तर दुसरी. खालची बाजू फिकट असेल तर तिसरी, तांबूस असेल तर चौथी. फ्रेडरिक मूर यांनी भारतातल्या नमुन्यांना दिलेली अनेक नावे आज हेकाबेची समानार्थी नावे म्हणून उरली आहेत. खुद्द अल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६७ मध्ये भारतीय आणि ऑस्ट्रेलियन प्रदेशांतल्या पीयरिडींचा आढावा घेताना रुबेला नावाची जात वर्णिली. ती आज ब्रिजिटा या जातीची भारतीय उपजाती मानली जाते. या माणसांना हसण्याचे कारण नाही. टाचणीला लावलेल्या, तारखेविना आलेल्या पंखांवरून याहून वेगळे काही करणे अवघडच होते.

दुसरी वाट आपल्या शेजारी, कारवारच्या रानात निघाली. डेव्हिडसन हे कलेक्टर, बेल हे वनाधिकारी आणि एटकेन हे मीठ व जकात खात्यातले अधिकारी, अशा तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या शोधून पाळल्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९० च्या दशकात ते काम छापले. कोणती अळी कोणत्या झाडावर, तिचे डोके कसले, कोश कसा, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून लिहिले. बेल यांनी पुढे भारताच्या मैदानी फुलपाखरांवर त्याच नियतकालिकात दीर्घ लेखमाला चालवली. पेटीतल्या पंखाला जे सांगता येत नव्हते ते अळीने सांगितले. माझ्या मते या विषयाचे खरे दार इथे उघडले.

विसाव्या शतकाच्या शेवटी जपानच्या ओसामु याता यांनी जुन्या जगातल्या साऱ्या युरेमांचा पुन्हा कसून आढावा घेतला. १९८९ ते १९९५ या काळात तो टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. त्याच कामातून निलगिरी परिसरातले फुलपाखरू युरेमा निलगिरिएन्सिस या नावाने १९९० मध्ये वेगळे नोंदले गेले. याता यांच्या पद्धतीत पंखांच्या नक्षीबरोबर नराच्या जननेंद्रियांची रचना, पंखावर गंधखवल्यांचा पट्टा कुठे आहे, अळी आणि कोश अशी अनेक लक्षणे एकत्र तोलली जातात. हेकाबेच्या नराच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेलगत असा पट्टा दिसतो. चांगला फोटो मिळाला तर तो नवशिक्यालाही ओळखता येतो.

प्रत्यक्ष ओळखीला बसणाऱ्याने फुलपाखराची खालची बाजू पाहावी. बसलेले गवती पिवळे पंख मिटून बसते, त्यामुळे दिसते तीही हीच बाजू. पुढच्या पंखाच्या मधोमध लांबट कप्पा असतो, त्यातल्या बारीक तपकिरी खुणा मोजायच्या. आपल्याकडच्या युरेमाच्या जातींपैकी हेकाबेत सहसा दोन, ब्लँडात तीन, अँडरसनीत एक. लेटामध्ये या खुणा नसतात. ब्रिजिटा हे छोटे, उघड्या गवताळ माळावरचे फुलपाखरू. त्याच्या वरच्या बाजूची काळी कड आतल्या अंगाने साधारण सरळ असते, हेकाबेच्या कडेसारखी खोल खाच तिच्यात नसते. लेटाच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला गंजलेल्या रंगाच्या तिरक्या रेघा दिसतात. हेकाबे महाराष्ट्रात जवळपास सर्वत्र भेटते, शहरातल्या बागांतही. अँडरसनी आणि निलगिरिएन्सिस पाहायला मात्र दक्षिणेकडचा घाट चढावा लागतो.

हे वाचून ओळख सोपी आहे असा समज होईल, म्हणून लगेच सांगतो: ‘सहसा’ हा शब्द वर मुद्दाम घातला आहे. एखाद्या हेकाबेत एक खूण पुसट असते, एखाद्यात दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्यात ऋतूची भर पडते. पावसाळ्यात जन्मलेल्या हेकाबेची काळी कड रुंद आणि खालची बाजू स्वच्छ पिवळी असते. कोरड्या ऋतूतल्या हेकाबेची कड आक्रसते आणि खालच्या बाजूवर तपकिरी ठिपके व डाग वाढतात. लेटामध्ये बदल आणखी पुढे जातो: पावसाळी रूपात पुढच्या पंखाचे टोक गोलसर, कोरड्या ऋतूत ते टोकदार, आणि खालची बाजू तांबूस तपकिरी. वाळलेल्या पानांत बसलेले हे फुलपाखरू डोळ्यासमोर असूनही दिसत नाही.

हा बदल फुलपाखराच्या मनाचा नाही आणि वयाचाही नाही. एकदा कोशातून बाहेर पडल्यावर पंख बदलत नाहीत. अळी आणि कोश वाढत असताना भोवतालच्या खुणांवरून रूप ठरते. जपानात युरेमावर झालेल्या प्रयोगांत दिवसाची लांबी आणि तापमान बदलून एकाच मादीच्या संततीतून उन्हाळी आणि शरद ऋतूची अशी दोन्ही रूपे मिळवता आली. म्हणजे पेटीतल्या ज्या दोन पंखांना दोन नावे मिळाली होती, ते पंख एकाच आईच्या पोरांचेही असू शकतात. रूपाबरोबर वागणेही बदलते. जपानातली शरद रूपाची फुलपाखरे थंडी प्रौढ अवस्थेतच काढतात. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात लेटाच्या माद्या अंडी न घालता कोरडा काळ काढतात, आणि पाऊस आला, कोवळी पाने फुटली की मग अंडी घालू लागतात. कोरड्या ऋतूचे रूप हा निराळा पोशाख नाही, ते जगण्याचे निराळे वेळापत्रक आहे.

जिथे प्रौढ फुलपाखरू फसवते तिथे अळी बरेचदा सरळ उत्तर देते. हेकाबेची मादी एकेक अंडे सुटे घालते. अंडे पांढरट, चातीसारखे निमुळते, पानावर उभे. अळी हिरवी, डोकेही हिरवे, आणि टाकळ्याच्या पर्णिकेच्या मधल्या शिरेवर आडवी पडली की पानाचाच भाग वाटते. ब्लँडाची मादी मात्र अंडी झुबक्याने घालते. तिच्या अळ्यांचे डोके काळे असते, त्या कळपाने खातात आणि बहुधा जवळजवळच कोश करतात. दक्षिण-पूर्व आशियात वेगाने वाढणाऱ्या शिरीषवर्गीय झाडांच्या लागवडींमध्ये या सवयीमुळे ब्लँडा कीड म्हणून कुप्रसिद्ध आहे. उडणाऱ्या हेकाबे-ब्लँडांपुढे तज्ज्ञही क्षणभर थबकतात. पण हिरव्या डोक्याची एकटी अळी आणि काळ्या डोक्यांचा कळप यांत गफलत करायला फारसा वाव नाही.

झाडेही बोलतात. हेकाबेची आवड विस्तृत आहे: टाकळा, शेवरी, शिरीष, विलायती चिंच, आणि शेंगावर्गाबाहेरचीही काही झाडे. ब्रिजिटा आणि लेटा माळावरच्या, टाकळ्याच्याच नात्यातल्या, लाजाळूसारख्या बारीक पानांच्या खुरट्या झुडपांवर वाढतात. म्हणून ती मोकळ्या गवताळ जागांना धरून असतात. माळ नांगरला, त्यावर झाडे लावली किंवा घरे उठली, तर हेकाबेला बागेतले शिरीष पुरते, पण ब्रिजिटाचे घर जाते. ‘पिवळी तर अजून खूप दिसतात’ असे म्हणणाऱ्याने कोणती पिवळी दिसतात हे विचारले पाहिजे. वर्गीकरणाचा संवर्धनाशी संबंध येतो तो असा.

एव्हाना वाचकाला वाटेल की रूप फसवते, तर जनुके पाहावीत आणि वाद मिटवावा. गवती पिवळ्यांनी हाही आत्मविश्वास फार काळ टिकू दिला नाही. जपानात हेकाबे म्हणून एकच जात मानली जाई. बारकाईने पाहिल्यावर तिच्यात दोन प्रकार सापडले. एकाच्या पुढच्या पंखाची झालर पिवळी, दुसऱ्याची तपकिरी. पिवळ्या झालरीचे समशीतोष्ण भागात, तपकिरी झालरीचे दक्षिणेकडच्या बेटांवर, आणि ओकिनावात दोन्ही एकत्र. खाद्यझाडे, ऋतुरूपे आणि संकरातल्या अडचणी यांवरून त्या दोन जाती ठरल्या: उत्तरेकडची युरेमा मँडरिना आणि दक्षिणेकडची हेकाबे. पण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला तेव्हा काही ठिकाणी दोन्ही जातींत तो जवळपास एकच निघाला.

याचे कारण एक जिवाणू होता. वोल्बाकिया नावाचा हा जिवाणू कीटकांच्या पेशींत राहतो आणि मादीकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत जातो. मायटोकॉन्ड्रियाही आईकडूनच येतात. त्यामुळे वोल्बाकिया एका जातीतून दुसरीत शिरला आणि पसरला, तेव्हा त्याच्याबरोबर आईचा मायटोकॉन्ड्रियाही पसरला. केंद्रकातल्या जनुकांवरून या दोन जाती वेगळ्याच राहिल्या. फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या एका तुकड्यावरून जात ठरवणाऱ्याला म्हणूनच हा गट चकवतो. तारखेविना आलेल्या पंखाने एकोणिसाव्या शतकात जे केले, तेच इथे एकाकी डीएनएच्या तुकड्याने केले.

या जिवाणूचे आणखी एक कृत्य विलक्षण आहे. ओकिनावातल्या काही माद्यांना केवळ मुलीच होतात. त्यांच्या अळ्यांना जिवाणूविरोधी औषध खाऊ घातले तेव्हा नर आणि मादी यांची लक्षणे मिसळलेली फुलपाखरे निघाली. फुलपाखरांत मादीकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रे असतात आणि नराकडे एकसारखी दोन. पुढच्या संशोधनात दिसले की या माद्यांच्या संततीला आईचे लिंगगुणसूत्र मिळतच नाही, बापाचे एकच मिळते, आणि जिवाणू त्या संततीला मादी बनवतो. पश्चिम घाटातल्या फुलपाखरांमध्येही वोल्बाकिया मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. आपल्या टाकळ्यावरच्या पिवळ्यांचा कोणताही अभ्यास या अदृश्य भाडेकरूचा विचार केल्याशिवाय पुरा होणार नाही.

इथपर्यंत आलेला वाचक घाबरला असेल तर त्याला धीर द्यायला हवा. या विषयाची मोठी सोय अशी की त्यातले बरेचसे काम प्रयोगशाळेबाहेर होते आणि त्याला लागणारी सामग्री घरात असते. टाकळ्याची कोवळी पाने, रुंद तोंडाची बरणी, तोंडाला मलमलचे फडके, आणि रोज पाने बदलण्याची शिस्त एवढ्यावर अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास पाहता येतो. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये. तिथे कॅमेरा पुरे. फोटो खालच्या बाजूचा घ्यावा, पुढच्या पंखाचा कप्पा दिसेल असा; जमले तर बसलेल्या झाडाचाही घ्यावा. आणि ज्या अळीपासून फुलपाखरू निघाले, तिचा फोटो त्याच नोंदीला जोडून ठेवावा.

अशा नोंदींची आपल्याकडे फार गरज आहे. कोकणातल्या सहा महिने ओल्या गावात आणि माणदेशातल्या कोरड्या माळावर पिवळ्यांचे वेळापत्रक एकच असेल असे मानू नये. कोरड्या ऋतूचे रूप कोणत्या गावात कोणत्या आठवड्यात निघू लागते, उन्हाळ्यात माद्या अंडी घालतात की थांबतात, वळवाचा पाऊस आला की काय बदलते, हे गावोगावच्या लोकांनी आपापल्या बांधावर पाहण्याचे काम आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या शाळेने सलग काही वर्षे एकाच टाकळ्याच्या पट्ट्याची नोंद ठेवली, तर ती कोणत्याही संग्रहालयातल्या पेटीइतकी मोलाची ठरेल.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक जातीचे वर्णन आहे, ओळखीची कोष्टके आहेत, अळ्यांची आणि खाद्यझाडांची माहिती आहे. ती वापरताना एक पथ्य पाळावे. खात्री नसेल तर ‘युरेमा, जात अनिश्चित’ असे लिहायला संकोच करू नये. चुकीचे पूर्ण नाव पुढच्या अभ्यासकाला वर्षानुवर्षे फिरवते, तर खरे अपुरे नाव तो कधीतरी पूर्ण करू शकतो. अर्थात ते पूर्ण होण्यासाठी बाकीची नोंद भक्कम हवी. म्हणून वही उघडाल तेव्हा तारीख, जागा, झाड आणि हवामान आधी लिहा, अंडे सुटे होते की झुबक्यात ते लिहा, अळीच्या डोक्याचा रंग लिहा, आणि नाव सगळ्यात शेवटी.